उशाखालचा चाकू

आमच्या टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत दोनच विषय. एक फोरमन, आणि दुसरा, कोणाच्या खिशात कसला चाकू. फोरमनचं खातं माझ्याकडे होतं, कारण त्याचा आवाज मला हुबेहूब जमायचा. मशीनच्या मागे उभं राहून मी नुसतं "क्या चल रहा है इधर?" म्हटलं की दोघं-तिघं डबा झाकून उभे राहायचे. मग शिव्या. मग हसणं. चाकूचं खातं मिस्त्रीकडे.

मिस्त्री म्हणजे ग्राइंडरवरचा सगळ्यात जुना माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. खिशातल्या चाकूला भारी पोलाद लागत नाही.

"कापतोस काय तू त्याने?" तो मला विचारायचा. "सुतळी. आंबा. पेन्सिल. त्याला काय तोफेचं पोलाद पाहिजे?"

हा टोला मुद्दाम मला असायचा. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कुडाळकडून आलेला, विक्रोळीच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिस. सळ्या कापायच्या मोठ्या करवतीचं पातं तुटलं की भंगारात जायचं, आणि ते असायचं हायस्पीड स्टीलचं. कापता कापता लाल झालं तरी धार न सोडणारं. तसल्या एका तुकड्याचा मी घडीचा चाकू बनवला होता. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत घासत होतो. मूठ काळ्या फायबरची, पितळी रिव्हेट. चार महिने खिशात होता आणि एकदाही धार लावायला लागली नव्हती. हाताच्या केसांवर फिरवून दाखवायचो मी. केस उडायचे.

"झकास," मिस्त्री म्हणायचा. "आणि उद्या धार गेली तर? घरी कुठल्या दगडावर येणार ती? इथंच यावं लागणार तुला, चाकावर. माझा बघ." आणि खिशातून घाटकोपरच्या फुटपाथवरचा चाकू काढायचा, पातं झिजून निम्मं झालेलं. "जिन्याच्या पायरीवर दोनदा घासला की तयार. आणि आपटला तर वाकेल. तुझा मोडेल."

तो मोडलाही होता थोडासा. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना टोकाचा तांदळाएवढा तुकडा उडाला होता. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवीन टोक काढून घेतलं, गप्प बसलो.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं होतं. पुढचं मात्र हसवायला लिहीत नाही. मला हसवायचंच येतं, त्यामुळे जरा पंचाईत आहे.

मी राहायचो ताईकडे. खाडीच्या बाजूची चाळ, पुढे खोली, मागे स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी. पुढच्या खोलीत लाकडी खाट. भावोजी आमच्याच कारखान्यात, पण दुसऱ्या खात्यात, आणि तेव्हा दुसऱ्या पाळीला. म्हणजे मी चारला घरी यायचो तेव्हा ते गेलेले असायचे.

मी मुंबईला आलो त्याच महिन्यात ताईचं पहिलं बाळ गेलं होतं. मुलगा. हॉस्पिटलातच, चौथ्या दिवशी. ताईच्या सासूबाई तेव्हा होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. नातू झाला म्हणून मावशींनी अख्ख्या चाळीत साखर वाटली होती, आणि चार दिवसांनी त्याच दारांवरून मान खाली घालून वर आल्या. नंतर त्या जेवायच्या नाहीत नीट. दुपारभर खाटेच्या पायथ्याशी बसून राहायच्या, हात मांडीवर, रिकामे. चार महिन्यांनी त्याही गेल्या.

त्या चार महिन्यांत त्यांचा आवाज मी उचलला. बोलण्याआधी त्या जिभेने "च्" करायच्या, मग वाक्य, आणि वाक्याचं शेपूट लांबवत न्यायच्या. सगळं हुकमासारखं. त्या असताना मी त्यांची नक्कल त्यांच्यासमोर केली तर कधीकधी हसायच्या. एरवी हसायच्याच नाहीत. गेल्यावर एकदा गणपतीत, पोरांनी गळ घातली म्हणून, मी गॅलरीत तो आवाज काढला. आतून ताई बाहेर आली. तोंड पांढरं. भावोजींनी माझ्या कानाखाली दिली, ती सगळ्यांदेखत. त्यानंतर तो आवाज बंद.

कारण चाळीतल्या बायका बोलायच्या. म्हातारीचा जीव नातवात अडकला. पुढचं पोर झालं की ती येणार, पहिल्याच्या सोबतीला न्यायला. ताईच्या तोंडावर कोणी म्हणालं नाही. पण चाळीत तोंडावर बोलायला लागत नाही. भिंती तेवढ्याच जाडीच्या असतात.

दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तशी गावाहून आई आली. पिशवीत कोकम, कुळथाचं पीठ, आणि लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला एक घडीचा चाकू. आजोबांचा. गावच्या लोहाराने केलेला, मूठ शिंगाची, पातं गंजून चॉकलेटी. आईने तो भावोजींच्या हातात नाही दिला. जमिनीवर ठेवला. मग भावोजींनी उचलला. लोखंड हातातून हातात द्यायचं नसतं आमच्याकडे.

"बाळंतिणीच्या उशाक बारा दिवस लोखंड होया," आई म्हणाली. "गेल्या खेपेक मी येवक नाय. कोणी ठेवला नाय. झाला ता झाला."

चिंधी ताईने स्वतः सोडली आणि चाकूवरून बोट फिरवलं. मला तेव्हाच कळलं, हिचा सगळा भरवसा ह्या गंजलेल्या पात्यावर आहे. बाळ जगणार की नाही हे डॉक्टर नाही ठरवणार, हा चाकू ठरवणार.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी घरी आणली. लहानशी, पण नाक-डोळे तरतरीत. उशीखाली चाकू गेला.

त्याच संध्याकाळी आईला बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधायचा होता. गाठ मारली, उरलेला दोरा कापायला उशीखालून तोच चाकू काढला. दोरा कापेना. आई घासतेय, घासतेय, दोऱ्याची लोकर झाली पण तुटेना.

मी म्हटलं, "आई, ह्याने लोण्याला पण ओरखडा नाही जायचा. भूत आलं तर गुदगुल्या करणार का त्याला?"

ताई म्हणाली, "गप रे."

"मेल्या, तो कापूक नाय," आई म्हणाली. "तो राखणेक."

मी खिशातून माझा काढला, एका टिचकीत दोरा कापला आणि ऐटीत उघडाच तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. "ठेवायचा तर हा ठेवा. हायस्पीड."

आईने तो जमिनीवरून उचलून उजेडात धरला. आरशासारखं पातं. "ह्येका गंज कसो नाय?"

"चांगल्या पोलादाला एवढ्यात येत नाही."

"गंजता ता लोखंड. गंजत नाय ता लोखंड कसला?" आणि चाकू परत जमिनीवर ठेवला.

आता इथे मी काय केलं ते सरळ सांगतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाळाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, सव्वासहाला, ताई मोरीत आणि आई स्टोव्हपाशी असताना मी आजोबांचा चाकू उशीखालून काढला आणि माझा तिथे सरकवला. वाईट मनात नव्हतं. जुन्याला टूलरूमच्या चाकावर धार काढून संध्याकाळी परत ठेवणार होतो. दोरा कापला की आई थक्क होईल, एवढीच मजा. आणि खरं सांगायचं तर दिवसभर तिथे माझं भारी पोलाद आहेच, मग बिघडलं कुठे, असंही वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत मी चाकू चाकाला लावला. हायस्पीड चाकाला लावलं तर ठिणग्या मरतुकड्या, लालसर, चार बोटं लांब. ह्याच्या अशा फुटल्या की फुलबाज्या. पिवळ्याधमक, टोकाला फाटे फुटणाऱ्या. सगळे बघायला आले.

"अरे, हे कानशीचं आहे," मिस्त्री म्हणाला. "जुनी कानस ठोकून केलाय लोहाराने. असलं पोलाद आता भेटत नाही. सांभाळून."

मी कुठला सांभाळतोय. माणसं जमली की माझा हात सुटतो. तोंडाने चाकाचा आवाज काढत, एका हाताने फोरमनसारखी मिशी पिळत, मी पातं दाबलं. ते पाण्याच्या डब्यात बुडवायला हवं होतं, ते राहिलं. धारेच्या कडेने एक निळा पट्टा सरकत गेला, मोरपिसासारखा. एका क्षणात.

मिस्त्रीने स्विच बंद केला. "पाणी उतरवलंस त्याचं."

पोलादाला पाणी दिलेलं असतं, ते जास्त तापलं की उतरतं. मग ते पोलाद नुसतं नावाला. मला शिकवलेली पहिली गोष्ट ती.

"कोणाचा आहे?" त्याने विचारलं.

"आजोबांचा."

"घरी कुठे असतो?"

मी सांगितलं. ताईच्या उशीखाली, बाळ तीन दिवसांचं. मिस्त्री हसत होता तो थांबला. डबा उघडा होता तो झाकला.

"आणि तिथे आता काय आहे?"

"माझा. हायस्पीड."

त्याने निळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं नेहमीसारखा टोमणा मारणार. "माझ्याकडे दे," तो म्हणाला. "उद्या भट्टी लागेल तेव्हा परत पाणी देतो. परवा ने. आणि घरी सांगून टाक."

मी नाही सांगितलं.

चारला घरी आलो तर दाराला आतून कडी. दार ठोठावलं. बऱ्याच वेळाने ताईने उघडली आणि लगेच खाटेवर जाऊन भिंतीला पाठ लावून बसली, पाय पोटाशी घेऊन. बाळ तिच्या कुशीत झोपलेलं. आई रॉकेलच्या रांगेत गेलेली.

"आज तू लवकर आला होतास का?" ताईने विचारलं.

"नाही. आत्ता येतोय."

"खरं सांग."

"आईशप्पथ. का?"

ती पायथ्याकडे बघत होती. "कोणीतरी बसलं होतं इथं."

"कोण?"

"खाट करकरली. मी कुशीवर होते, पाठ करून. पायथ्याशी बूड टेकल्यासारखं झालं. दाबलं गेलं. मला वाटलं आई. मग कोणीतरी 'च्' केलं." तिने माझ्याकडे बघितलं. "तू केलंस ना? तू करतोस तसं."

"ताई, मी कारखान्यात होतो गं."

"मग कडी कोणी वाजवली नाही. उघडली नाही."

मी हसायला गेलो. हसणं आलं नाही. पायथ्याशी चादर बघितली. चादरीला खळगा होता. आता चादरीला खळगे पडतातच, त्यात काय. मी हाताने सारखी केली. हात फिरवताना चादर मला गार लागली. भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. शेजाऱ्यांनी नवा रंगीत घेतला होता आणि दिवसभर चालू ठेवायचे. तो आवाज असूनही खोलीत शांत वाटत होतं. म्हणजे आवाज तिकडे आणि शांतता इकडे, असं.

"चाकू आहे ना?" ताई म्हणाली. "बघ रे, मला उशी उचलवत नाही."

मी उशी जरा उचलली. माझं काळं फायबर दिसलं. "आहे," म्हटलं.

ते मी म्हटलं, ते मला अजून आठवतं. आहे. काय सहज म्हटलं.

रात्री सगळे म्हणत होते पोर शहाणी आहे, रडत नाही. आई म्हणाली, "चेडू शाणा हा." मुलीला आमच्याकडे चेडू म्हणतात. ताईला दूध फार येत नव्हतं, घाबरून आटलं होतं, आणि चेडूही मागत नव्हतं. तोंडाला लावलं की दोन घोट, मग झोप. बायका येऊन बघून जायच्या. कसलं गुणी बाळ.

चौथा दिवस. कोणी तो शब्द काढला नाही. पण भावोजी कामावर जाताना दारात दोनदा परत फिरले, आई म्हणाली. मी कारखान्यात मिस्त्रीला विचारलं, आज देता येईल का चाकू? तो म्हणाला भट्टी संध्याकाळी लागणार, घाई केली तर काचेसारखा होईल. त्याने मला विचारलं, "सांगितलंस?" मी मान हलवली. हो आणि नाही ह्यांच्या मध्ये कुठेतरी हलवली.

चारला घरी. आज दार नुसतं लोटलेलं. आई मागे स्वयंपाकघरात जमिनीवर झोपली होती, दोन रात्री जागली म्हणून. ताई जागी. डोळे खोल गेलेले.

"आली होती," ती कुजबुजली. "दुपारपासून होती. आत्ता उठली, तुझी पावलं वाजली तशी."

"कोण? मावशी?"

"नाव नको घेऊ."

"काय म्हणाली?"

"काही नाही. वाकून बघत होती बाळाकडे. मी डोळे मिटून घेतले. सारखी वाकून, सारखी वाकून. काल नुसती बसली होती. आज जवळ आली." तिने माझं मनगट धरलं. "ती नेणार रे. चौथा दिवस आहे आज. लोखंड असून कशी येते ती आत? असून कशी येते?"

सांगायचं होतं, ताई, लोखंड नाहीये तिथे, मी काढलंय. हे वाक्य तोंडात तयार होतं. पण तिची मान बघितली, तिच्यावर ताडताड उडणारी शीर बघितली, आणि घाबरलो. आणि मी घाबरलो की काय करतो? तेच केलं. आयुष्यात दुसरं काही येत नाही मला. वाटलं, हिला हसवावं. भीतीचीच टर उडवली की भीती जाते, असं माझं गावापासूनचं शास्त्र. हायस्कुलात हेडमास्तरांच्या छडीआधी मी त्यांचाच खोकला काढायचो.

मी खाटेच्या पायथ्याशी बसलो. हात मांडीवर ठेवले. "च्," केलं. "काय गो ह्या? चार दिस झाले तरी खाटेवरच? चाय कोण करतलो, तुझो बापूस?"

ताईने तोंडावर हात दाबला. "नको रे. नको." पण त्याच्या आड हसूसारखं काहीतरी फुटलंही. रडण्याच्या शेजारचं हसू.

मला चेव आला. "च्. साखर कितकी घातलंस? वतून ठेवलंस काय डबो?"

आणि पुढचं वाक्य मी जुळवत होतो. रॉकेलवरून काहीतरी होतं, चांगलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वेगळंच.

"पायाक हात लाव गो."

मी ते ठरवलं नव्हतं. नकलाकाराला वाक्य आधी कळतं. गळ्यात त्याची जागा होते, मग ते येतं. ह्याची जागाच झाली नव्हती. आणि आवाजात गंमत नव्हती. शेपूट लांबवलेलं नव्हतं. मावशींना मी असं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं, इतक्या घाईने.

ताई माझ्याकडे बघत राहिली.

मला थांबायचं होतं. मी ओठ मिटले. मिटलेल्या ओठांतून परत, "चेडवाच्या पायाक हात लाव."

ताईने दुपट्याची गुंडाळी सोडली. पाय धरले. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. भीती पूर्ण गेली होती त्याच्यावरून. "गार आहेत," ती म्हणाली. "मोरीच्या फरशीसारखे." तिने बाळाच्या गालाला टिचकी मारली. कानाची पाळी ओढली. तळपायाला चिमटा काढला. चेडू जागं होईना. श्वास होता, पण मोजून मापून, लांबलांब.

"आई!" ताई ओरडली. चाळ हलली असेल.

मी जिना कसा उतरलो माहीत नाही. रिक्षा नाक्यावर मिळाली. आईने चेडवाला आपल्या पोटाशी, चोळीच्या आत धरलं, वरून ताईने शाल. घाटकोपरच्या मोठ्या हॉस्पिटलापर्यंत ताई शालीत हात घालून बाळाचे पाय चोळत होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. घसा खरवडल्यासारखा झाला होता, जसं कोणी आत हात घालून गेलं.

डॉक्टरीणबाईंनी बाळ आत नेलं. टाच टोचली, दिव्याखाली ठेवलं, नळी घातली. तासाभराने बाहेर आल्या त्या चिडलेल्या. "चार दिवसांचं बाळ रडत नाही म्हणजे ते शहाणं नसतं. दूध कमी पडलंय, साखर खाली गेलीय, अंग गार पडलंय. झोपेतच गेलं असतं." मग जरा मऊ झाल्या. "आता ठीक होईल. कोणाच्या लक्षात आलं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या लसीच्या चित्राकडे बघितलं.

"तिच्या आजीच्या," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आईकडे बघून मान डोलावली. "बरं झालं आजी जवळ होत्या. जुन्या बायकांना कळतं."

आईने तोंड उघडलं. ताईकडे बघितलं. मिटलं.

पाचवी हॉस्पिटलातच झाली, म्हणजे झालीच नाही. ना पूजा, ना काही. चेडू दिव्याखाली आणि आम्ही बाकड्यावर. त्याच बाकड्यावर मी आईला सांगितलं. सगळं. चाक, निळा पट्टा, माझा चाकू. मला वाटलं आता मार. आईने मारलं नाही. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"म्हणजे लोखंड नव्हता," ती म्हणाली.

"लोखंडच आहे गं ते. त्यात टंगस्टन, क्रोम असतं, म्हणून..."

"लोखंड उशाक असता," ती म्हणाली, मला तोडून, "तर ती आत इलीच नसती."

तेवढंच. त्या वाक्याचं दुसरं टोक आम्हाला दोघांनाही दिसत होतं. कोणी ते उचललं नाही.

मिस्त्रीने चाकू परत दिला. पाणी दिलेला, धार अशी की नखावर टेकला तर रुतेल. "बघ, साधं पोलाद," तो म्हणाला. "बिघडलं तर परत सुधारता येतं. तुझं ते एकदा गेलं की गेलं." मग विचारलं, "बाळ कसं आहे?" मी म्हटलं बरं आहे. तो म्हणाला, "मग काय ठरलं? भारी बरं की साधं?"

टूलरूम वाट बघत होती. मी काहीतरी झणझणीत बोलणार असं त्यांना वाटलं. सुतळी, आंबा, पेन्सिल ह्यांच्यापुरतं विचारशील तर तुझं खरं, एवढं म्हटलं. हल्ली मी खिशात साधाच ठेवतो, पायरीवर घासतो.

ह्याला आता तीन वर्षं होतील. फोरमन बदलला, नव्याचाही आवाज मला येतो. मावशींचा येत नाही. मुद्दाम काढून बघितला एकदा, खाडीच्या बाजूला, कोणी नसताना. "च्" पर्यंत जातो. पुढे नुसती हवा.

सांगायचं राहिलं ते आठव्या दिवसाचं. त्या दिवशी चेडू घरी आलं. गुलाबी, भुकेलं, आणि रडणारं. काय रडायचं, शेजारचा टीव्ही ऐकू येत नव्हता. आईने खाट झटकली, धुवट चादर घातली, आणि आजोबांचा चाकू उशीखाली ठेवायला घेतला. तेव्हा मी ताईला सांगितलं. आईसमोर. ताई खाटेवर टेकून बाळाला पाजत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही डोळे वर न करता. मला वाटलं लाथ घालेल.

"किती दिवस नव्हता तिथे?" एवढंच विचारलं.

"तिसऱ्या दिवशी सकाळपासून."

"म्हणजे ती आली ते दोन्ही दिवस."

"हो."

चेडवाच्या घोटाचा आवाज येत होता, कुट् कुट्.

"आई, राहू दे तो," ताई म्हणाली.

"अगो पण बारा दिस..."

"राहू दे. हा पण नको, त्याचा पण नको. काहीच ठेवू नका."

आई चाकू हातात घेऊन उभी राहिली. तिला कुठे ठेवावा कळेना. शेवटी तिने तो स्वयंपाकघरात नेला. दुपारचे तीन वाजत आले होते. कारखान्याचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटल्याचा. मी त्या दिवशी रजेवर होतो. ताईचे पाय खाटेवर लांब पसरलेले होते, टाचा पायथ्याच्या लाकडी पट्टीला टेकलेल्या. बाळ छातीशी तसंच धरून तिने पाय हळूच जवळ घेतले आणि एका बाजूला दुमडले.

पायथ्याशी एका माणसाला टेकता येईल एवढी जागा झाली.

मी दारात उभा होतो. बाहेर जायला निघालो होतो, पण गेलो नाही. खाट करकरली. ताईने वर बघितलं नाही. ती चेडवाला दुसऱ्या बाजूला घेत होती.